गाडी न चालवणाऱ्यांचं गाव

अमेरिकेतल्या एखाद्या लहान शहरातून नोकरीची ऑफर आली की ओळखीपाळखीतून फोन येतो. त्या गावाचं नाव पूर्वी कधी ऐकलेलं नसतं. मग प्रश्न सुरू होतात. शाळा कशा आहेत, घरभाडं किती, इंडियन स्टोअर किती लांब, थंडी सोसेल का, मोठा विमानतळ किती तासांवर? विचारायलाच हवेत असे प्रश्न आहेत हे. त्यांची उत्तरं देऊन झाली की मी माझा एक प्रश्न विचारते : घरात गाडी न चालवणारं कोण कोण असणार आहे?

मग मोजदाद होते. बायको सोबत येतेय, तिच्याकडे लायसन्स नाही. मुलगा सातवीत. उन्हाळ्यात आई-बाबा येणार, ते सहा महिने राहणार. म्हणजे पाच माणसांच्या घरात स्टिअरिंग एकाच्या हातात, आणि तो एक सकाळी आठला गाडी घेऊन ऑफिसला जाणार. उरलेल्या चौघांसाठी ते गाव कसं आहे? राहण्याजोग्या लहान शहरांच्या याद्या इथे दर वर्षी छापून येतात. त्यांत घरांच्या किमती असतात, सरासरी उत्पन्न असतं, शाळांचे गुण असतात. सत्तरीतली बाई दुपारी घराबाहेर पडून आपल्या पायांनी कुठे जाऊ शकते, हे त्यात नसतं.

मी हा प्रश्न धरून बसले आहे, कारण या देशातली माझी पहिली वर्षं त्या उरलेल्यांत गेली. नवऱ्याच्या एच-वन या नोकरीच्या व्हिसामागोमाग मी एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर आले. तेव्हा एच-फोरवाल्यांना नोकरी करायची मुभाच नव्हती. ती मिळाली २६ मे २०१५ पासून, आणि तीही ज्यांच्या जोडीदाराचं ग्रीन कार्डचं प्रकरण एका टप्प्याच्या पुढे सरकलंय अशांनाच. हातात इंजिनिअरिंगची पदवी, पण काम नाही, गाडी नाही, गावात ओळख नाही. अशा वेळी गाव जसं बांधलेलं असेल तसा आपला दिवस जातो.

आमचं पहिलं गाव ब्लूमिंग्टन-नॉर्मल. इलिनॉय राज्याच्या मधोमध, शिकागोपासून गाडीने दोन-सव्वादोन तासांवर. एकमेकांना चिकटलेली दोन शहरं, दोन्हींची मिळून वस्ती १,३०,००० च्या आसपास. चहूकडे काळीभोर माती आणि नजर पोचेल तिथवर मका आणि सोयाबीन. स्टेट फार्म ही विमा कंपनी १९२२ मध्ये इथेच सुरू झाली आणि तिचं मुख्यालय आजही इथे आहे. विमा कंपनीचा पसारा म्हणजे संगणकाचंही तेवढंच काम; त्यापायी हैदराबाद, चेन्नई, पुण्याकडची पुष्कळ मंडळी या मक्याच्या रानात येऊन राहिली. एवढ्याशा गावात मंदिर आहे, कढीपत्ता आणि नाचणीचं पीठ मिळणारी दुकानं आहेत, गणपती बसतो, आरतीला हॉल भरतो.

आमचं अपार्टमेंट व्हेटरन्स पार्कवेच्या जवळ होतं. हा गावातला मोठा व्यापारी रस्ता. दोन्ही बाजूंना मॉल, बँका, बर्गरची आणि टायरची दुकानं, आणि प्रत्येकापुढे आपापलं पार्किंगचं मैदान. नकाशात किराण्याचं दुकान घरापासून पाऊण मैलावर दिसायचं. साताऱ्यात वाढलेल्या मुलीला पाऊण मैल म्हणजे काय! राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत आम्ही गप्पा मारत जायचो-यायचो, त्याला कोणी चालणं म्हणत नसे.

इथला पाऊण मैल वेगळा होता. कॉम्प्लेक्सच्या फाटकाशी फुटपाथ सुरू व्हायचा आणि दोन इमारती ओलांडल्या की गवतात संपायचा. पुढे गवतात एक पायवाट पडलेली होती, वीतभर रुंद, मातीची. ती कुणी आखलेली नव्हती. माझ्याआधी तिथून चाललेल्या पायांनी ती पडली होती, आणि ती बघून मला फार धीर आला. चौकात बटण दाबून उभं राहायचं. चालणाऱ्या माणसाचा पांढरा दिवा लागला की निघायचं. दुभाजकापर्यंत पोचतो न पोचतो तोच लाल हात लुकलुकायला लागायचा. इथे लाल सिग्नलला थांबून, रस्ता मोकळा बघून उजवीकडे वळायची परवानगी असते. वळणाऱ्याची नजर डावीकडून येणाऱ्या गाड्यांवर असते आणि आपण उभे असतो त्याच्या उजव्या हाताला. पलीकडे पोचलं तरी दुकान यायचं नाही, पार्किंग यायचं. ते उन्हात तुडवून आत जायचं, आणि परतताना हातात दुधाचा एक गॅलनचा कॅन, म्हणजे पावणेचार लिटर. जानेवारीत बर्फ सारणारी गाडी यायची ती रस्त्यावरचं सगळं बर्फ ढकलून नेमकं आमच्या पायवाटेवर टाकायची.

माणसं मात्र मनाने फार चांगली. कोणी ना कोणी गाडी थांबवून, काच खाली करून विचारायचंच : सगळं ठीक आहे ना, सोडू का कुठे? त्यांच्या लेखी रस्त्याच्या कडेने चालणारी बाई म्हणजे गाडी बंद पडलेली बाई. त्या आस्थेने मला भरून यायचं, आणि त्याच वेळी हेही कळायचं की या रस्त्यावर कोणी सहज चालत असेल ही शक्यताच गावाने धरलेली नाही.

आणि हे आपोआप झालेलं नाही. क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड नावाच्या गावाच्या खटल्यात १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने झोनिंगला मान्यता दिली. घरं एकीकडे, दुकानं दुसरीकडे, कारखाने तिसरीकडे, असे गावाचे तुकडे पाडायचा अधिकार नगरपालिकांना आहे, असा तो निकाल. त्यानंतर गावोगावी असेच नकाशे झाले. मग दुकानाच्या आकाराप्रमाणे अमुक इतकं पार्किंग हवंच, असे नियम आले. १९५६ मध्ये इंटरस्टेट महामार्गांचा कायदा झाला. ब्लूमिंग्टनहून पिओरिया, डिकेटर, स्प्रिंगफील्डला जाणाऱ्या विजेच्या आगगाड्या होत्या, त्या तोवर बंद पडल्या होत्या. म्हणजे कोपऱ्यावर वाण्याचं दुकान नाही, कारण तिथे ते काढायला कायद्याने बंदी आहे. साताऱ्याच्या माझ्या आळीत घराखाली पिठाची गिरणी होती, शेजारी शिंपी, पलीकडे डॉक्टरांचा दवाखाना. इथल्या नकाशात ती आळी बेकायदा ठरली असती.

पण त्याच गावात दुसरं एक गाव होतं, आणि ते मला उशिरा सापडलं. नॉर्मलमध्ये विद्यापीठाला लागून अपटाउन म्हणून भाग आहे. जुनी, भिंतीला भिंत लागलेली दुकानं. मधोमध मोठा गोल चौक आहे, २०१० मध्ये बांधलेला. पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवून, गाळून तिथे छोट्या पाटातून खेळवलंय. उन्हाळ्यात मुलं त्यात पाय सोडून बसतात. शेजारी २०१२ मध्ये झालेलं रेल्वे स्टेशन, जिथून शिकागोची गाडी मिळते. आणि जुन्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून त्या जागी केलेली कॉन्स्टिट्यूशन ट्रेल ही चालायची-सायकलची वाट याच चौकाजवळून जाते. दोन्ही शहरांच्या पोटातून, झाडांच्या सावलीने, मैलच्या मैल. भाडेकरार संपताच आम्ही ट्रेलजवळ घर घेतलं. गाव तेच, नवऱ्याची नोकरी तीच, पगार तोच. माझा दिवस बदलला. लायब्ररीत जायला लागले, तिथे दोन ओळखी झाल्या, त्यातल्या एकीने मला गाडी शिकवली.

म्हणून 'अमुक शहर कसं आहे' या प्रश्नाला मी सरळ उत्तर देत नाही. त्यातल्या कोणत्या रस्त्यावर राहणार, ते आधी सांगा.

आई पहिल्यांदा आली ती या ट्रेलजवळच्या घरी. पहिल्या आठवड्यात एकटी फिरून आली आणि म्हणाली, "एवढी छान वाट, आणि चालणारी मी एकटीच." सकाळी अकराची वेळ होती, सगळे कामावर. तिला मी संध्याकाळी पाठवायला लागले. महिन्याभरात तिचा गट जमला. नांदेडच्या एक काकू, राजमुंद्रीच्या एक आजी आणि कोइमतूरचे एक निवृत्त मास्तर. सगळे सहा महिन्यांच्या बोलीवर आलेले, कुणाकडे लायसन्स नाही. भाषा चौघांच्या तीन, हिंदी प्रत्येकाची आपापली. ट्रेलवरच्या एका बाकावर रोज सहाला बैठक. नातवंडांचं खाणं, गुडघे, आणि परत जायची तारीख, हे विषय.

पुढे नवऱ्याच्या कामामुळे आम्ही इंडियाना राज्यातल्या कोलंबसला गेलो. ओहायोतलं मोठं कोलंबस वेगळं. हे जेमतेम ५०,००० वस्तीचं. पुणेकरांना या गावाचं नाव ठाऊक नसलं तरी त्याची सावली त्यांच्या रोजच्या जाण्या-येण्यात आहे. कमिन्स ही डिझेल इंजिनांची कंपनी १९१९ मध्ये इथे सुरू झाली, आणि १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर तिने पुण्यात, कोथरूडला कारखाना काढला. मी शिकले ते कर्वेनगरचं मुलींचं कमिन्स कॉलेज १९९१ चं. चार वर्षं जे नाव ओळखपत्रावर गळ्यात घालून हिंडले, त्या नावाचं मूळ गाव हे असेल असं कधी मनात आलं नव्हतं. गावात पुण्याहून आलेले इंजिनिअर कायम असतात. वॉशिंग्टन स्ट्रीटवर मागून 'अरे, पार्किंग मिळालं का?' असं ऐकू आलं की मी वळून बघायचे.

या गावाची गोष्ट सांगावीशी वाटते. कमिन्सचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांना स्थापत्याची मनापासून ओढ होती. गाव वाढत होतं, शाळा कमी पडत होत्या, आणि चांगले इंजिनिअर या आडगावात यावेत, टिकावेत, ही कंपनीची गरजही होती. कंपनीच्या फाउंडेशनने गावापुढे प्रस्ताव ठेवला : आम्ही नावाजलेल्या वास्तुरचनाकारांची यादी देतो. त्यातला कोणी निवडून सार्वजनिक इमारत बांधा, त्याची फी आम्ही भरू. सुरुवात हॅरी वीझ यांनी केलेल्या प्राथमिक शाळेपासून झाली, १९५७ मध्ये. मग शाळा झाल्या, अग्निशमन केंद्रं झाली. चौथ्या क्रमांकाचं अग्निशमन केंद्र रॉबर्ट व्हेंचुरी यांचं आहे, १९६८ चं. फी दुसऱ्याने भरली तरी निवड, बांधकामाचा खर्च आणि पुढची देखभाल गावाची. मला यात सगळ्यात भावतं ते हे की पैसा गेला तो प्राथमिक शाळेवर आणि बंबाच्या शेडवर, म्हणजे जिथे गावातला कुणीही जातो अशा जागांवर.

लायब्ररी आय. एम. पे यांची, १९६९ मध्ये झालेली. साधी विटांची इमारत, पुढे विटांचंच अंगण, आणि अंगणात शिल्पकार हेन्री मूर यांची ब्राँझची वीस फुटी कमान. रस्त्यापलीकडे एलिएल सारिनेन यांचं १९४२ चं चर्च, त्याचा उंच सरळ मनोरा. थोडं पुढे त्यांच्या मुलाने, एरो सारिनेनने, १९५४ मध्ये बांधलेली काचेची बँक. आमचं भाड्याचं घर तिथून दहा मिनिटांवर होतं. आई त्या कमानीतून रोज ये-जा करायची. एकदा मी तिला मूर कोण होते ते सांगायला गेले. तिने कमानीच्या ब्राँझवर हात ठेवून बघितला, म्हणाली, "उन्हाने तापलीय. कोपऱ्यातल्या देवळाचा दगड तापतो ना, तशी." आणि सावलीच्या बाजूला जाऊन बसली. मला वाटतं, शिल्प अंगणात उभं करणाऱ्यांना हेच हवं असणार.

कोर्टाच्या आवारात युद्धात गेलेल्यांचं स्मारक आहे. चुनखडीचे २५ खांब, प्रत्येक ४० फूट उंच, एकमेकांच्या इतके जवळ की त्यांच्यामधून एकेकट्यानेच चालायचं. आतल्या खांबांवर सैनिकांनी घरी लिहिलेल्या पत्रांतला मजकूर कोरलाय. जेवणाची चौकशी, धाकट्या बहिणीची चौकशी. बाहेरून ते स्मारक भव्य दिसतं, आत शिरल्यावर कुणाच्या घरातली पत्रं वाचतोय असं वाटतं. जवळच झाहाराकोस हे १९०० पासूनचं आइस्क्रीमचं दुकान, संगमरवरी काउंटर आणि आपोआप वाजणारा जुना प्रचंड ऑर्गन असलेलं. मुलीला तिथे न्यायचं कबूल केलं की ती स्मारकापर्यंत कुरकुर न करता चालायची.

पाहायला जायचं असेल तर माझ्या पसंतीत हे गाव फार वरचं आहे. शिकागोला आलेल्या पाहुण्यांना मी दोन दिवस काढून इथे जायला सांगते, मिलर यांच्या घराच्या फेरीचं तिकीट आधी काढून ठेवा असंही सांगते. राहण्याचा हिशेब मात्र निराळा. सुंदर ग्रंथालय दहा मिनिटांवर होतं, पण आठवड्याचा किराणा आणायला हमरस्त्यावरच्या त्याच पार्किंगच्या मैदानात जावं लागायचं. संध्याकाळी सहानंतर वॉशिंग्टन स्ट्रीट रिकामा व्हायचा. जगातल्या उत्तम वास्तुरचनाकारांनी गावाला इमारती दिल्या, पण इमारतींच्या मधलं रोजचं चालणं कुणी एक माणूस देऊ शकत नाही. आईला कमान आवडली, बाकावरचा गट तिला तिथे मिळाला नाही.

आता आम्ही टेनेसीत, चॅटनूगाला आहोत. १,८०,००० च्या घरातली वस्ती, मधून टेनेसी नदी, माथ्यावर लुकआउट माउंटन. १९६९ मध्ये नामवंत वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांनी सीबीएस या टीव्ही वाहिनीच्या बातम्यांत या शहराची हवा देशात सर्वांत घाण असल्याचं सांगितलं. ओतशाळा, कारखाने आणि डोंगरांनी वेढलेलं खोरं, त्यामुळे धूर वर जाऊनही बाहेर पडत नसे. भरदुपारी गाड्यांचे दिवे लावून लोक जात, असं इथले म्हातारे सांगतात. तिथून हे शहर उठलं, आणि ते कसं उठलं त्याचा मला आदर आहे. १९८४ मध्ये गावातल्या लोकांना बोलावून, सभा घेऊन, शहर कसं हवं ते विचारलं गेलं. लोकांनी नदी मागितली. १९९२ मध्ये काठावर मोठं मत्स्यालय झालं, त्याच वर्षी मध्यवस्तीत फुकट इलेक्ट्रिक बस सुरू झाली. आणि वॉलनट स्ट्रीटचा लोखंडी पूल. १८९१ चा, जुना झाला म्हणून १९७८ मध्ये वाहनांना बंद केलेला. तो पाडायचं घाटत होतं. लोकांनी पाडू दिला नाही. १९९३ मध्ये तो फक्त चालणाऱ्यांसाठी उघडला. लांबी २,३७६ फूट, चालायचा पृष्ठभाग सबंध लाकडी फळ्यांचा.

शहराच्या वीज मंडळाने २०१० मध्ये घरोघरी फायबर नेऊन एक गिगाबिटचं इंटरनेट दिलं, केंद्राकडून मिळालेल्या ११ कोटींहून अधिक डॉलरची त्याला मदत झाली. कंपनी सार्वजनिक, म्हणजे गावाची. घरून काम करणारी माणसं त्यामुळे इथे आली, मीही त्यांतलीच. पण मला कोणी चॅटनूगात काय चांगलं म्हणून विचारलं तर मी पूल सांगते. फळ्यांवर पावलांचा आवाज येतो. व्हीलचेअरवरचे आजोबा, धावणारी मुलं, हातात हात घेतलेली जोडपी, खाली संथ हिरवट पाणी. आई इकडून जाते, पलीकडे कूलिज पार्कमध्ये लाकडी घोड्यांचं जुनं चक्र बघत बसते, आणि परत येते. कुणाला विचारायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही.

या पुलाबद्दल आणखी एक गोष्ट तिला सांगितली, कारण रोज जिथून चालायचं तिथे काय घडलंय ते माहीत असावं. १९०६ मध्ये एड जॉन्सन नावाच्या कृष्णवर्णीय तरुणाला जमावाने तुरुंगातून ओढून याच पुलावर फाशी दिलं. बलात्काराच्या आरोपाखाली त्याला दोषी धरलं होतं, पण त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या शिक्षेला स्थगिती दिली होती. आपला आदेश पायदळी तुडवला म्हणून न्यायालयाने इथल्या शेरिफवर खटला चालवला आणि १९०९ मध्ये त्याला दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने स्वतः चालवलेला तो एकमेव फौजदारी खटला. जॉन्सनवरचा ठपका रद्द व्हायला मात्र २००० साल उजाडलं. २०२१ मध्ये पुलाच्या दक्षिण टोकाशी त्याचं आणि त्याच्या वकिलांचं स्मारक झालं. आई तिथे चप्पल काढून उभी राहिली. मग म्हणाली, "वकिलांचेही पुतळे केलेत, हे बरं केलं." ते दोघे वकीलही कृष्णवर्णीय होते आणि त्यानंतर त्यांना हे गाव सोडावं लागलं, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

चॅटनूगाचीही बाजू एकच नाही. मध्यवस्ती आणि नदीकाठ सोडून ईस्ट ब्रेनर्डकडे किंवा हिक्सनकडे गेलं की पुन्हा तेच रुंद रस्ते आणि तेच मैदानभर पार्किंग. आपली बरीचशी मंडळी तिकडेच घर घेतात. मोठं घर, चांगली शाळा, मागे अंगण. त्यांचं गणित मला कळतं, नदीकाठची भाडी चढली आहेत. तरी घरात गाडी न चालवणारी माणसं असतील तर एक खोली कमी घेऊन पुलाजवळ राहा, असं मी आग्रहाने सांगते.

आयोवा सिटीला आम्ही फार थोडं राहिलो, पण तिचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. ७५,००० वस्तीचं विद्यापीठाचं गाव. मध्यभागी गाड्यांना बंदी असलेला पेठेचा चौक, पुस्तकांची दुकानं, आणि २०२३ पासून सिटी बस फुकट. २००८ मध्ये युनेस्कोने हिला साहित्याचं शहर ठरवलं, एडिंबरा आणि मेलबर्ननंतरची तिसरी. दिलीप चित्रे १९७५ मध्ये इथल्या आंतरराष्ट्रीय लेखक कार्यक्रमात होते. मक्याच्या रानातल्या या गावात तुकारामांच्या भाषेतला एक कवी रस्त्यांवरून हिंडला असेल, या विचाराने मी तिथल्या फुटपाथवर उगाच एक चक्कर जास्त मारली. विद्यापीठाचं गाव निवडता आलं तर निवडावं, हे माझं ठाम मत आहे. विद्यार्थ्यांकडे गाड्या नसतात, म्हणून तिथे बस असते, फुटपाथ असतात, रात्री दहालाही माणसं दिसतात. त्याचा फायदा आपल्या आई-बाबांना आयता मिळतो.

आणि डुलुथ. मिनेसोटात, सुपीरियर सरोवराच्या टोकाशी. पृष्ठभागाच्या हिशेबाने जगातलं सर्वांत मोठं गोड्या पाण्याचं सरोवर. इथे राहायला जा असं मी सहसा म्हणणार नाही. उंच चढाचे रस्ते आणि एप्रिलपर्यंत हटून बसणारं बर्फ सत्तरीतल्या पायांना झेपत नाही. पण जूनमध्ये आईला घेऊन गेलो तेव्हा तिने जे बघितलं ते ती साताऱ्यात अजून सांगते. बंदराच्या तोंडाशी एक अरुंद कालवा आहे आणि त्यावर १९०५ चा लोखंडी पूल. १९३० पासून त्याचा रस्त्याचा पट्टा लिफ्टसारखा सरळ वर जातो. बोट लांबून भोंगा देते, पूल आपल्या भोंग्याने उत्तर देतो, घंटा वाजते, रस्ता १३५ फूट वर उचलला जातो. आणि मग हजार फुटांची बोट, लोहखनिज न्यायला आलेली, काठावर उभ्या माणसांच्या इतक्या जवळून सरकत जाते की डेकवरच्या खलाशाचा चेहरा दिसतो. जूनमध्येही शाल घेतलेली आई कठड्याला धरून उभी होती. खलाशाने हात हलवला. तिनेही हलवला. तिकीट नाही, रांग नाही. बोटींच्या वेळा छापलेल्या असतात, गावातले लोक जेवण आटोपून बघायला येतात.

एवढ्या गावांतून हिंडल्यावर मी आईला विचारलं, तुला कुठलं आवडलं? माझ्या मनात उत्तर तयार होतं, चॅटनूगाचा पूल. ती म्हणाली, "ब्लूमिंग्टन." मी पूल आठवून दिला, सरोवर आठवून दिलं. तिने ऐकून घेतलं. "पुलावर मी चालते गं, छान वाटतं. पण पुलावर मला कुणी ओळखत नाही. तिथे एक दिवस गेले नाही तर काकू रात्री फोन करायच्या."

तेव्हापासून फोनवर मी आणखी एक प्रश्न विचारते : त्या अपार्टमेंटमध्ये आणखी कुणाचे आई-बाबा येतात का? रस्ता चांगला हवा, आणि त्या रस्त्यावर बसणारं कुणीतरी हवं. पहिली गोष्ट नगरपालिकेच्या हातात आहे. दुसरी ब्लूमिंग्टनच्या मक्याच्या रानात एका विमा कंपनीमुळे घडून आली, कुणी ठरवून केली नव्हती. दोन्ही एका जागी मिळतील असं आणखी एक गाव मी अजून शोधते आहे. कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा.

आई पुढच्या मे महिन्यात येतेय. तिने नांदेडच्या काकूंशी बोलून तारखा जुळवून घेतल्यात, दोन आठवडे ब्लूमिंग्टनला राहायचा तिचा बेत आहे. चॅटनूगाहून तिथे गाडीने आठ-नऊ तास. १९७१ मध्ये ॲमट्रॅक ही देशभरची प्रवासी रेल्वे सुरू झाली तेव्हा तिच्या नकाशात चॅटनूगा नव्हतं, आजही इथून एकही प्रवासी रेल्वे सुटत नाही. तेव्हा सोडायला मी जाणार आहे, आणि मीही दोन दिवस राहीन म्हणते. संध्याकाळी सहाला ट्रेलवर जायचंय.